फेरीतून उठताना

जानेवारी, म्हणजे त्या दक्षिणेकडच्या मुलखातला भर उन्हाळा, उजाडला की नदीकाठी तंबू टाकायला निघायचं, हा विल्मारच्या घरचा नेम त्याच्या बापाच्या वेळेपासूनचा होता, आणि लग्न होऊन त्या घरात आल्यावर झुल्मानेही तो अंगवळणी पाडून घेतला होता. जुन्या उघड्या गाडीत तंबू, घडीच्या खुर्च्या, गळ आणि दोऱ्या, मांस भाजायची जाळी, गरम पाण्याचा मोठा थर्मास असं सगळं रचायचं आणि रिओ नेग्रो नदीच्या काठाकाठाने खाली उतरत जायचं. आधी पासो इगेराला मुक्काम, मग सान्ता ओलायाला, आणि शेवटी, जिथे गाड्या तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात, त्या ला बाल्साला. तिघंच जायची, झुल्मा, विल्मार आणि विल्मारचा धाकटा भाऊ दार्दो. दार्दोने लग्न केलं नव्हतं. भावाच्या संसारात तो असा मिसळून गेला होता की त्याचं वेगळं ताट वाढलंय असं झुल्माला कधी वाटलंच नाही.

यंदा दोघंच होती.

गेल्या उन्हाळ्यात ला बाल्साला दुपारची झोप आटोपून तिघं माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा गरम काढा, पीत बसली असताना दार्दो मध्येच उठला, दोरीला काही लागलंय का बघून येतो म्हणाला, आणि काठावरच्या झुडपांमागे उतरला तो पुन्हा वर आला नाही. चपला सापडल्या, दोरी सापडली, दोरीला लागलेला मासासुद्धा जिवंत सापडला. माणूस मात्र नाही. गावच्या लोकांनी होड्या घालून नदी पालथी घातली आणि अखेर हात टेकले. विल्मारने भावासाठी चर्चमध्ये मिस्सा होऊ दिली नाही, त्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि हळूहळू तेच कुलूप स्वतःच्या तोंडालाही लावून घेतलं. वर्षभर झुल्मा भिंतींशी बोलत राहिली. म्हणून डिसेंबर सरता सरता त्याने आपण होऊन गाडी धुवायला काढली तेव्हा तिने एकच अट घातली. ला बाल्साला पोहोचलो की पाण्यात फुलं सोडायची, भावाला नीट निरोप द्यायचा, आणि घरी आल्यावर ती खोली उघडायची. विल्मारने मान डोलावली. झुल्माला दुसरं काही नको होतं. तिला तिचा नवरा परत हवा होता.

पासो इगेराला नेहमीच्याच झाडांखाली त्यांनी तंबू ठोकला. झुल्मा पाणी तापवून आली तर विल्मारने तीन खुर्च्या मांडलेल्या. दुखऱ्या जागेवरची खपली आपण कशाला काढायची, आणखी चार दिवसांनी तिसरी तो स्वतःच उचलेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि वाटीत पाला भरायला घेतला.

मातेचं त्या मुलखात एक वळण असतं. भोपळ्याची एकच वाटी, तिच्यात कडू पाला आणि एक नळी. ओतणारं माणूसही एकच. ओतणाऱ्याने पहिली आपण प्यायची, मग बसल्या क्रमाने एकेकाला भरून द्यायची, आणि ज्याने त्याने आपली संपवून मुकाट्याने परत करायची. कोणाला वगळायचं नाही. ज्याला पुरे झालं त्याने वाटी परत देताना 'आभारी आहे' म्हणायचं. तोवर तो फेरीतच आहे असं धरतात, मग तो थोडा वेळ उठून कुठे का गेला असेना. झुल्मा वर्षानुवर्षं याच क्रमाने ओतत आली होती. आधी ती, मग दार्दो, मग विल्मार. विल्मारने तर उभ्या जन्मात 'आभारी आहे' म्हटलं नव्हतं. थर्मास खडखडला की मगच त्याची फेरी संपायची.

हाताला वळण पडलं की हात डोक्याला विचारत नाही. झुल्माने आपली वाटी प्याली, दुसरी भरली आणि ती रिकाम्या खुर्चीपुढे धरली. चूक कळताच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे केलेली वाटी मागे घेणंही बरं दिसेना, म्हणून ती तिने खुर्चीच्या हातावर ठेवली आणि उगाच थर्मासच्या बुचाशी खटपट करत राहिली. मान वर केली तर वाटी रिकामी. नळीच्या तोंडाशी पाला कोरडा दिसत होता. विल्मारने प्याली असणार, असं म्हणून तिने पुढची भरली. ती घेताना विल्मार तिच्याकडे बघून किंचित हसला. वर्षात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ती गावात पावांसाठी गेली. बेकरीवाली ओदिला त्यांना सालोसाल ओळखायची. नेहमीच्या पावांबरोबर तिने मुरंबा भरलेले दोन वेगळ्या कागदात बांधले. ते फक्त दार्दो खायचा. झुल्माने तिला खाली मान घालून सांगितलं की दीर गेला, मागच्याच उन्हाळ्यात, नदीत.

"अगं बाई," ओदिला म्हणाली. "पण सकाळी तर..."

आणि ती गल्ल्याकडे वळली. पुडी मात्र परत घेतली नाही. झुल्माच्या मनात पाल चुकचुकली. पण ओदिलाला आताशा नीट दिसत नाही हेही खरंच होतं, आणि उन्हात परत येता येता तिने स्वतःची समजूत घातली. तंबूत पोचल्यावर पुडी तिने पिशवीच्या तळाशी सारली. संध्याकाळी आवराआवर करताना कागद तेवढा हाती आला.

सान्ता ओलायाला विल्मार बोलायला लागला. आधी हवेबद्दल, मग पाण्याच्या रंगाबद्दल, मग भाजलेल्या मांसाबद्दल. "म्हातारे, मीठ घातलंस की मिठात मांस घातलंस?" असं त्याने विचारलं तेव्हा झुल्माला रडू आलं आणि ते लपवायला ती चुलीतली राख उकरत बसली. हीच थट्टा, हाच हेल. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावा तर तसंही वाटेना, कारण बोलताना त्याची नजर तिच्यावर नसायची; ती तिच्या डावीकडच्या खुर्चीवर असायची.

"दार्दो म्हणतो, यंदा मासे वरच्या अंगाला आहेत," तो म्हणाला.

"म्हणतो?"

"म्हणायचा," विल्मारने शांतपणे दुरुस्ती केली आणि गळाची गाठ मारत राहिला.

त्या दुपारी झुल्माने मन घट्ट केलं. आपली वाटी प्याली, दुसरी भरली आणि मधली खुर्ची ओलांडून थेट विल्मारपुढे धरली. त्याने ती घेतली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त पाहुण्यासमोर बायको चुकली की नवऱ्याला वाटतो तसला संकोच होता.

"त्याचा नंबर आहे," तो म्हणाला.

किती वेळ अवघडून बसायचं? तिने वाटी त्या खुर्चीच्या हातावर ठेवली आणि नजर पाण्याकडे वळवली, कारण पिणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नये असं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. विल्मार तिच्या डोळ्यांसमोर होता. त्याचे दोन्ही हात अजून गुडघ्यांवरच होते. आणि डावीकडून, वाटी तळाला लागल्यावर नळीतून येतो तो ओढल्याचा आवाज आला. मग वाटी तिच्या हातात आली. ती तिने उचलली की कोणी दिली, हे तिला नंतर कितीही आठवून सांगता आलं नसतं. विल्मारसाठी ती भरताना गरम पाणी तिच्या बोटांवर सांडलं.

रात्रभर तिला झोप लागली नाही. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा जास्त राग येत होता, आणि तोही दार्दोचा. जिवंतपणी हा आमच्यामध्ये कधी आला नाही आणि आता खुर्ची टाकून बसलाय. तिने त्याला पोटच्या पोरासारखं जपलं होतं. पहाटेकडे तिला उमगलं की तो बिचारा तरी काय करणार. फेरीतून उठताना त्याने 'आभारी आहे' म्हटलंच नव्हतं, आणि आपणही त्याला कधी विचारलं नव्हतं. एकदा त्याने म्हटलं की सुटला. मग खोली उघडता येईल, कपडे वाटता येतील, आणि विल्मार तिच्याकडे बघून बोलेल.

ला बाल्साला त्यांनी तंबू ठोकला तो जुन्याच जागी. तराफा पलीकडच्या काठाला बांधलेला होता आणि गाव दुपारच्या झोपेत होतं. झुल्माने पिवळी फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली. विल्मारने खुर्च्या मांडल्या, दोरी टाकून आला आणि टोपी मागे सरकवून बसला. तो इतका खुशीत होता की तिला त्याच्याकडे बघवेना.

तिने पहिली प्याली. दुसरी भरून डावीकडे धरली आणि सोडली नाही. "दार्दो," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका साधा निघालेला ऐकून तिलाच नवल वाटलं. "बास झालं रे. मी सुखाने निरोप देते. वाटी परत करताना एकदा आभारी आहे म्हण, आणि जा बाबा."

काही झालं नाही. झाडांवर पक्षी ओरडत होते. वाटी रिकामी झाली होती, पण खुर्चीतून एक शब्द आला नाही. झुल्माने सुस्कारा सोडला आणि विल्मारसाठी भरली.

विल्मारने ती सावकाश प्याली. नळी पुसल्यासारखी करून वाटी तिच्या हातात दिली, आणि हात लगेच काढून न घेता तिच्या बोटांवर क्षणभर ठेवला.

"आभारी आहे, म्हातारे," तो म्हणाला.

झुल्मा त्याच्याकडे बघत राहिली. थर्मास अर्ध्याहून अधिक भरलेला होता.

"दोरीला काही लागलंय का बघून येतो," विल्मार म्हणाला आणि उठला. तिने हाक मारली. त्याने मागे न बघता हात वर केला आणि चपला काढून झुडपांमागे उतरला. झुडपांवरून त्याची टोपी तेवढी दिसत होती. टोपी थांबली. गुडघाभर पाण्यात असेल, झुल्माने ताडलं. ऊन लख्ख आहे, पाणी संथ आहे, त्याला पोहता येतं.

तरी ती उठायला निघाली, आणि डावीकडच्या खुर्चीकडे लक्ष जाऊन अर्ध्यातच थांबली. खुर्चीच्या कापडाला खोल झोळ पडला होता, भारी माणूस आरामात रेलून बसल्यावर पडतो तसा. दार्दो इथे होता. तो इथे बसला आहे तोवर तिकडे पाण्यात नाही, आणि विल्मार पाण्यात एकटा आहे, त्याला आत न्यायला तिथे कोणी नाही. ओतणाराच उठला की फेरी मोडते, मग बसलेलेही उठतात. झुल्मा हळूच परत टेकली.

तिने आपली वाटी घाईघाईने प्याली. दुसरी भरली, अगदी काठोकाठ, साखर कधी घालत नसे ती चिमूटभर घातली, कारण दार्दोला चोरून गोड आवडायचं, आणि डावीकडे धरली. "पी रे," ती म्हणाली. "निवांत पी. मघाशी मी उगाच बोलले. पाणी भरपूर आहे, कुठे जायची घाई नाही तुला." वाटी हातातून अलगद गेली. ती वळून बघत नव्हती. डोळे टोपीवर होते. टोपी जागची हलत नव्हती.

नळीतून तळाचा आवाज आला. वाटी तिच्या तळव्यात परत ठेवली गेली, अजून ऊबदार होती.

"आभारी आहे, वहिनी," कोणीतरी अगदी हळू म्हणालं, आणि डावीकडच्या खुर्चीचं कापड सावकाश सरळ झालं.