चांदणीचं जुनं दुखणं

तेहतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात जनावरं तपासली. त्यात घोडे बोटांवर मोजण्याइतके. तरी सोलापुरात पेंटॅथलॉनची निवड चाचणी ठरली तेव्हा घोड्यांचा डॉक्टर म्हणून माझंच नाव निघालं. निवृत्त माणूस म्हणजे रिकामा माणूस, असा सगळ्यांचा समज असतो.

पेंटॅथलॉन म्हणजे एकाच खेळाडूनं तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, धावणं आणि नेमबाजी करायची. तलवार स्वतःची, पिस्तूल स्वतःचं, घोडा मात्र चिठ्ठी टाकून मिळतो. जन्मात न पाहिलेल्या जनावराशी वीस मिनिटांत ओळख करून घ्यायची आणि त्याच्यावर बसून अडथळे ओलांडायचे. हा नियम करताना घोड्याला कोणी विचारलं नसणार. पॅरिसच्या ऑलिंपिकनंतर या खेळातून घोडा जाणार हे ठरलेलंच होतं, म्हणजे आमची ही घोड्यासकट शेवटची चाचणी. घोडे रविवारीच मिळाले, म्हणून ती फेरी सगळ्यात शेवटी ठेवली होती.

घोडे गोळा करताना संयोजकांच्या नाकी नऊ आले. शेवटी एक घोडी मंद्रूपच्या रेवणप्पाकडून आणली. रेवणप्पाचा धंदा वरातीचा. नवरदेवाला घोडीवर बसवायचं आणि हलगीवर घोडी नाचवायची. पण त्याला हौस दांडगी. त्यानं वर्षभर शेतात आडवी लाकडं टाकून आपल्या चांदणीला उड्या शिकवल्या होत्या. सकाळी मी तिला तपासली. चारी पाय स्वच्छ, चाल सरळ. तसं मी कागदावर लिहिलं.

तिची मान खाजवत रेवणप्पा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एक सांगतो. हिच्या नडगीला काठी लावू देऊ नका कुणाला. आमी नाचायला तसंच शिकवतो. हलगी वाजली की नडगीला हळू काठी लावायची, ती पाय उचलती. काठी लागली की तिला वाटतं, नाच."

"सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो, आणि सांगायचं विसरलो. पहिली चूक ही.

चांदणीची चिठ्ठी ऋतुजाला निघाली. ऋतुजा माढ्याची, वय एकोणीस. शिकायला सोलापुरात मावशीकडे राहायची आणि पहाटे पाचला पोहायला जायची. दोन दिवसांत चार प्रकार झाले होते आणि मुलींमध्ये ती पहिली होती. पहिल्या दोघी राष्ट्रीय शिबिराला जाणार होत्या. तिनं घोड्याची फेरी नुसती पूर्ण केली असती तरी तिची जागा पक्की होती. बाद झाली तर काही नाही. मला ती मुलगी आवडायची, हे आधीच सांगून टाकतो. गेले तीन दिवस ती रोज माझ्याकडे यायची आणि घोड्याचे कान मागे गेले तर काय समजायचं, असलं काहीबाही विचारायची. बाकी कोणा खेळाडूला घोड्याला कान असतात याचीही खबर नव्हती.

वीस मिनिटांचा सराव सुरू झाला. मी टेम्पोच्या सावलीत चहा घेत होतो. सरावात घोड्यांना कोणी त्रास देत नाही ना, हे पाहणं माझंच काम. ऋतुजाचे प्रशिक्षक अभिमन्यू सर पुण्याकडे शिकून आलेले. त्यांना चांदणीची उडी जेमतेम वाटली. त्यांनी एका मदतनिसाला बोलावलं, दोघांनी एक बांबू दोन्ही टोकांना धरला, आणि चांदणी अडथळ्यावरून जाताना तो वर उचलून तिच्या नडग्यांवर हाणला. घोडा घाबरून पुढच्या वेळी पाय जास्त वर घेतो, म्हणून काही लोक हे करतात. नियमात याला सक्त बंदी आहे. असं केलं की खेळाडू सरळ बाद.

एकदा नाही, त्यांनी पाच वेळा हाणलं. दुसऱ्या वेळी ऋतुजानं घोडी थांबवली आणि सरांना काहीतरी म्हणाली. सरांनी हातानंच पुढे जायची खूण केली, आणि ती गेली.

मी शिट्टी वाजवायला हवी होती. गळ्यातच होती. पण वाजवली असती तर पोरगी तिथंच संपली असती. मी कानाडोळा केला आणि चहा संपवला.

पुढचं मला कळायला हवं होतं. पहिला अडथळा चांदणीनं छान घेतला. दुसऱ्यावर तिचा पाय दांडीला लागला. नडगी आधीच ठणकत होती, त्यात लाकूड लागलं. तिसऱ्या अडथळ्यासमोर ती थांबली आणि नाचायला लागली. एकेक पाय उचलून, मान वाकवून, हलगीशिवाय. तिला वाटलं, आपल्याकडून हेच मागतायत. ऋतुजानं तिला वळवून परत आणलं, ती परत नाचली. लोक हसत होते. कोणीतरी तोंडानं हलगी वाजवली. चौथ्यांदा घोडी अडली आणि घंटा झाली. चार वेळा अडली की फेरी बाद.

अभिमन्यू सर धावत मुख्य पंचांकडे गेले. पंच भार्गवी मॅडम, नियमाला पक्क्या. त्यांनी मला घोडी तपासायला सांगितलं. घोडीला आधीपासून दुखापत असेल तर राखीव घोड्यावर पुन्हा फेरी मिळते, असा नियम होता. मी नडग्या चाचपल्या. दोन्ही सुजल्या होत्या, गरम होत्या, एका जागी सालटं निघालं होतं. कागदावर दोन रकाने होते. एक दुखापतीचा, एक कारणाचा.

सर माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब, जुनं असेल. वरातीची घोडी आहे."

मी कारणाच्या रकान्यात 'जुने दुखणे' असं लिहिलं. एका ओळीत सकाळचा माझाच कागद खोटा पाडला, आणि दोष रेवणप्पाच्या घोडीवर गेला. पुढे मालकाची सही लागत होती.

रेवणप्पानं विचारलं, "काय लिवलंय?"

"आधीचं दुखणं आहे. सकाळी माझ्या हाताला लागलं नाही."

"तुमी म्हंता तर असंल की," तो म्हणाला आणि कानडीत सही केली.

ऋतुजाला राखीव घोडा मिळाला. तिनं फेरी पूर्ण केली. तिचं नाव पहिलं जाहीर झालं, टाळ्या झाल्या, सरांनी पेढ्यांचा पुडा फोडला. मी चांदणीपाशी मातीत बसून तिच्या नडगीला थंड पाण्याची पट्टी बांधत होतो. रेवणप्पा दोर धरून उभा होता. ऋतुजा तिथं आली. पेढा तिच्या हातात तसाच होता.

तिला पाहून रेवणप्पा अवघडला. "पोरी, माझ्या घोडीपायी तुला दोनदा पळावं लागलं. वाईट नको वाटून घिऊ." मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, रोज संध्याकाळी मी हिच्या पायावरनं हात फिरवतो. येक दिस चुकत न्हाई. मला कसं कळलं न्हाई वो? आंधळाच की मी. हिला दुखत हुतं आन् मी उड्या मारायला लावत हुतो."

ऋतुजा माझ्याकडे पाहत होती. मी बोलावं म्हणून ती थांबली होती, हे मला स्पष्ट कळत होतं. मी पट्टीची गाठ मारली. मग ती सोडून परत मारली.

"काका, जुनं नाही ते," ती म्हणाली. "आम्ही सरावात तिच्या पायावर बांबू मारला. सर मारत होते, मी वर बसले होते. मला कळत होतं. मी उतरले नाही."

रेवणप्पानं हातातला दोर जवळ ओढला.

"मी मॅडमना सांगून येते," असं म्हणून ती वळली आणि पंचांच्या टेबलाकडे निघाली. जाता जाता तिनं बाहीनं डोळे पुसले. सांगितल्यावर काय होणार, हे तिला पाठ होतं. नियम तिनंच मला वाचून दाखवले होते.

रेवणप्पा तिच्याकडे बघत राहिला. ती टेबलाशी पोचली, भार्गवी मॅडमनी मान वर केली, तेव्हा तो मला म्हणाला, "तुमाला म्हाईत हुतं?"

"हो." माझा हात अजून चांदणीच्या नडगीवरच होता.

"मग सोडा तिचा पाय," तो म्हणाला.