हिल्काआजीच्या खोलीतला किरण

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं गाव बूट खाली काढून, मोज्यांनी पायऱ्या पुसत वर आलं होतं. हिल्काआजीच्या गारठलेल्या खोलीतला भूकिरण, म्हणजे जमिनीतून येणारी बाधा, पाणाडे क्वास्टबुवा आज तिसऱ्यांदा काढणार होते.

खाली स्वयंपाकघर भट्टीसारखं तापायचं आणि वर आजीच्या तोंडातून वाफ निघायची. सून फ्राउके माझ्यापाशी, गावच्या जुन्या शाळामास्तरापाशी, रडकुंडीला आली होती.

"मास्तर, बुवा म्हणतात पलंगाखाली जमिनीत पाण्याची शीर वाहते, तिचा गार किरण सासूबाईंच्या मागेच लागलाय. इथं न्यूमोनिया होईल हो त्यांना. सोमवारी वृद्धाश्रमात पोचवते."

"मी घोड्यासारखी धडधाकट आहे," आजी गुरगुरली.

बुवांनी बेचकीच्या आकाराची फांदी धरली. पलंगापाशी ती वाकली. (मनगट जरा वळवलं की वाकतेच. घरी करून बघा.) मग त्यांनी खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर रेशमी शाल पसरली, शालीखाली हात घातला, डोळे मिटले.

"शांतता! पाताळातल्या शिरांनो, वाट सोडा!"

फुस्सऽऽऽ!

जिन्यावरचे सगळे माना उंचावून बघू लागले. थोड्या वेळात रेडिएटर तापला.

"किरण पंधरवड्यात परत येईल," बुवा शाल गुंडाळत म्हणाले. "आजी इथं आहेत तोवर येतच राहणार. निघतो मी."

"बसा खाली," आजी म्हणाली. "तीन कप चहा झाल्याशिवाय माझ्या घरातून कुणी जात नाही."

आमच्याकडे पाहुण्याने कपात चमचा उभा ठेवला की 'आता पुरे' असा अर्थ. पण तिसऱ्या कपाआधी तो ठेवणं म्हणजे यजमानिणीच्या तोंडावर दार आपटणं. बुवा परत बसले.

आजीने खडीसाखरेवर चहा ओतला. खडा तडकलेला ऐकायला आम्ही नेहमीसारखे गप्प झालो. तेवढ्यात नऊ वर्षांची नात वेमके माझ्या कानाशी लागली.

"ओकोआजोबा, शालीला काळं पाणी लागलंय. आणि बुवांच्या मुठीत छोटी किल्ली होती."

"असं? तुझ्या खोलीतल्या रेडिएटरला वर-खाली हात लावून ये बघू."

ती धावत जाऊन आली. "खाली कोमट, वर बर्फ!"

तशीच किल्ली स्वयंपाकघराच्या खणात गंजत पडली होती, ती वेमकेने आणली. बुवांचा दुसरा कप चालू असताना सारा जमाव वेमकेच्या दाराशी सरकला. तिने रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला बारका स्क्रू फिरवला, खाली कप धरला.

फुस्सऽऽऽ!

"आई, मंत्र राहिलाच, तरी किरण पळाला!"

मग काळं, कुबट पाणी आलं. वेमकेने तो कप बुवांपुढे ठेवला. "हा घ्या तुमचा किरण."

"किरण कसला, फुस्स झाली ती नुसती हवा," मी म्हणालो. "वर अडकते आणि गरम पाण्याला आत येऊ देत नाही. बॉयलरमध्ये पाणी कमी पडलंय, म्हणून परत परत साठते. पाणी भरा. आणि स्वयंपाकघरातल्या रेडिएटरचा नळ थोडा आवळा. सगळं गरम पाणी तोच ओढतोय, मग वर काय पोचणार?"

"मग बुवा हे बोलले का नाहीत?" फ्राउकेने विचारलं.

"बोलले असते तर तिसऱ्यांदा बोलावलं असतंस?"

फ्राउकेने वृद्धाश्रमाचा अर्ज चुरगळून खिशात कोंबला. तिसरा कप अजून ओतायचा होता. आजीने स्वतःच्या हाताने बुवांच्या कपात चमचा उभा केला.

मुलांनो, खोली गार पडली तर आधी रेडिएटरला हात लावा, वर आणि खाली. आणि कुणी शालीखाली हात घातला, तर शाल उचलून बघा.