भिंतीकडे तोंड

"हे नव्हे," ओटीली म्हणाली. "माझी लेने ह्याच्या मागच्या बाजूला आहे."

आमच्यासमोर रस्त्यावरच्या दोन बायांचं चित्र होतं आणि लोक पोट धरून हसत होते. नव्या सरकारनं न आवडलेली ही चित्रं प्रदर्शनात लोकांनी हसावं म्हणूनच तर मांडली होती. मला ओटीलीची काळजी वाटत होती. साठी उलटलेली इस्त्रीवाली बाई, आणि वारलेल्या मुलीचा घरात एक फोटोही नाही.

माझ्या तरुणपणी ड्रेस्डेनच्या आमच्या गल्लीत मोचीचं बंद पडलेलं दुकान भाड्यानं घेऊन चार-पाच पोरांनी चित्रकारांचं मंडळ काढलं होतं. खिसे रिकामे, डोकी त्याहून. कॅनव्हास परवडत नसे, म्हणून एका बाजूला चित्र झालं की उलटून दुसरं काढायचे. शेजारपाजारच्या मुली त्यांच्यासमोर बसत, तशी लेनेही बसायची. ह्याच दोन बायांच्या पाठीवर काढलेलं तिचं चित्र पाहून ओटीलीनं दुकान डोक्यावर घेतलं होतं. "माझी पोर शेवाळ आहे का, हिरवी रंगवायला?" पुन्हा तिनं तिथे पाऊल टाकलं नाही. पुढच्याच हिवाळ्यात लेने छातीच्या दुखण्यानं गेली.

ओटीलीनं राखणदाराला गाठलं. "साहेब, एवढं जरा उलटून दाखवता?"

"हे सुलटं तरी कुठं सरळ आहे, आजीबाई?" गर्दी हसली, तसा त्याला चेव आला. त्यानं चित्र उतरवून फिरवलं.

हिरवा चेहरा, खोल गेलेले डोळे.

"ही तर नदीतून काढल्यासारखी दिसतेय," एक जण म्हणाला.

"मासळीबाजारात दे पाठवून," दुसरा.

ओटीली बघतच राहिली होती. "शेवटच्या आठवड्यात अगदी अश्शी दिसत होती गं, गेर्डा," ती मला म्हणाली. "त्या पोरांना वर्षभर आधी दिसलं. मी आई, मला दिसलं नाही."



मग ती राखणदाराकडे वळली. "झालं माझं. तिचं तोंड भिंतीकडे करा. ह्यांच्यासमोर नको."

या वेळी त्यानं थट्टा केली नाही. चित्र होतं तसं टांगलं, आणि लोक पुन्हा त्या दोन बायांना हसू लागले.

दोरीवर टांगल्यामुळे चित्र वरून थोडं पुढे झुकलेलं होतं. ओटीलीनं चित्र आणि भिंतीमधल्या फटीत हात घातला, कोपरापर्यंत, आणि तिथेच ठेवला. चित्रांना हात लावायला मनाई होती. राखणदार आमच्या दिशेनं आला, थांबला, आणि खिडकी लावायला निघून गेला.