एकच चेंडू पुरे

"बाबा, तुम्ही मरणार आहात का?"

मित्रांनो, हा प्रश्न मी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून, जुन्या स्वेटरांच्या गठ्ठ्यामागून ऐकला आणि माझ्या पोटातले तिन्ही चेंडू गार पडले. विचारणारी होती भोंगा. हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण घरात तिला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी पाहुणे आले की दारामागे लपायची. मग शाळेच्या नाटकात तिला राक्षसाचं काम मिळालं. त्यात ती एकदा जी ओरडली, ती अजून थांबलेली नाही.

"कोणी सांगितलं हे विचारायला?" बाबांनी पलंगावरूनच विचारलं.

"मैत्रिणींनी. म्हणाल्या, एवढी तोंडाळ झालीस ना, मग हे घरी विचारून दाखव."

"पैज कशावर?"

"जांभळ्या पेनावर."

"मग पेन जिंकलंस," बाबा म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. उत्तर राहूनच गेलं.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय गं हे अभद्र? काही होत नाही त्यांना. सगळं छान होणार आहे. तू आधी तुझी बॅग भर बघू."

रविवारी भोंगाला मावशीकडे पाठवायचं ठरलं होतं. शाळासुद्धा तिकडेच. 'इथलं जरा निवळेपर्यंत', असं आई म्हणायची. निवळणार म्हणजे नक्की काय होणार, ते मात्र कोणी सांगत नव्हतं.

आता माझी ओळख करून देतो. मी एक जुनं, पिवळं पडलेलं श्वासाचं यंत्र आहे. यंत्र म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चाकं आणि वायरी येतील. माझ्याकडे त्यातलं काहीही नाही. प्लॅस्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू आणि बाजूला हत्तीला शोभेल अशी सोंड. सोंड तोंडात धरून श्वास आत ओढायचा. हळू ओढला तर पहिला चेंडू चढतो, जोरात ओढला तर दुसरा, आणि छाती ठणठणीत असेल तर तिसराही. कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी मला कानाशी हलवून पाहिलं होतं. "खुळखुळाच की गं हा!" असं म्हणून त्या हसल्या होत्या. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. दुसरं यायला फार उशीर लागला.

दुकानातून मी थेट दवाखान्यात, बाबांच्या हातात आलो. बाबा काच फुंकणारे कारागीर. लांब लोखंडी नळीच्या टोकाला भट्टीतली लालभडक काच घ्यायची, दुसऱ्या टोकानं फुंकर घालायची, की काच फुग्यासारखी फुगत जाते. उभं आयुष्य त्यांनी तेच केलं. त्यांचे चांगले श्वास लोकांच्या घरी बरण्या आणि दिव्यांच्या काचा होऊन बसले, आणि वाळूची बारीक भुकटी तेवढी त्यांच्या छातीत उरली. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी उसळली होती. नर्सताईंनी मला त्यांच्या हातात ठेवलं, "रोज करा हं काका" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे पळाल्या.

बाबांच्या हातात नळी आली. ते दुसरं काय करणार? त्यांनी फुंकर घातली.

मित्रांनो, मला फुंकून चालत नाही. माझे चेंडू तळाशी बसून राहिले. त्यांनी पुन्हा फुंकलं, गाल फुगवून, डोळे लाल होईपर्यंत फुंकलं. घरी आणल्यावरही रोज फुंकत राहिले. शेवटी एका संध्याकाळी ते आईला म्हणाले, "एक चेंडू हलत नाही गं. संपलं माझं." आणि त्यांनी मला स्वेटरांमागे ढकललं. मला तोंड नाही. 'अहो, उलटं करताय!' असं मी कसं ओरडणार? फळीवर माझ्या अंगावर धूळ चढत गेली, आणि खाली त्यांचा आवाज बारीक होत गेला.

तर, बॅग काढायला भोंगा स्टुलावर चढली आणि तिच्या हाताला मी लागलो. तिनं मला नळाखाली घासून धुतलं. मग वाकडी नळी दिसल्यावर कोणतीही मुलगी करेल तेच तिनं केलं. सरबत प्यावं तसं ओढलं. टण्! टण्! टण्! तिन्ही चेंडू नळ्यांच्या छताला जाऊन आपटले. "बाबा, हे बघा, कसलं भारी आहे!"

बाबा बघतच राहिले. "तू... ओढलंस?"

"मग? काय करायचं असतं?"

त्यांनी मला हातात घेतलं. तोंडाला लावायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी ओढलं, आणि पहिला चेंडू थरथरत अर्ध्यावर आला, पडला. ते हसायला लागले. हसता हसता खोकले आणि खोकता खोकता रडायला लागले. आई दारात उभी होती. तिनं पुढे होऊन त्यांची पाठ चोळली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "आधीपासून नीट केलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "थोडा आराम पडला असता. पण गेलेलं फुप्फुस परत येत नाही, काका." घरी आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले.

भोंगा मात्र मला घेऊन बसू लागली. शाळेत बाई डोळे मिटून चांगले विचार करायला सांगायच्या. डोळे मिटले की हिला बाबांचा खोकलाच ऐकू यायचा. माझ्यासमोर डोळे उघडे ठेवता येत होते. एकच चेंडू, अगदी हळू, वर न्यायचा आणि तिथे ठेवायचा. दुसरा उडाला म्हणजे घाई झाली. तिन्ही उडवणं तिला सोपं होतं. एकावर थांबणं तिला अवघड गेलं. पण तेवढा वेळ तिच्या डोक्यातली मावशी, बॅग आणि रविवार जरा बाजूला सरकायचे.

शनिवारी दुपारी बाबांना धाप लागली. ओठ निळसर पडले. पंपाचं औषध दिलं, तरी त्यांची भीती उतरेना. भीतीनं धाप वाढत होती आणि धापेनं भीती. आई नुसती म्हणत होती, "चांगला विचार करा हो, चांगला विचार करा..."

भोंगानं मला त्यांच्यासमोर धरलं. माझे चेंडू खुळखुळत होते.

"बाबा, ओढू नका. नुसतं बघा."

"भीती... वाटते..."

"वाटू दे. चेंडूकडे बघत घाबरा. मीपण घाबरलेय."

तिनं बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना ऐकू जाईल असा हळू श्वास घेतला, हळू सोडला. भोंगाच्या घशातून एवढा बारीक आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बाबांची नजर पहिल्या चेंडूवर टेकली. खांदे जरा उतरले. कधीतरी आईही खाली बसली आणि तिघांचे श्वास एका चालीत पडले. मी त्या वेळी काहीही केलं नाही, मित्रांनो. फक्त समोर होतो.

म्हणून सांगतो, घरात माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला धुऊन हाताशी ठेवा, कसं वापरायचं ते विचारून घ्या. आणि विचारायची भीती वाटली, तरी विचारा. आम्ही कोणाला वाचवू असं नाही. पण स्वेटरांमागे पडून आम्ही कोणाच्याच कामाचे नसतो.

धाप ओसरल्यावर बाबा उशीला टेकले. "त्या दिवशी विचारलंस ना, भोंगा? हो. मरणार आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण आज नाही."

आईनं तोंडाला पदर लावला. भोंगा रडली नाही. ती उठली, दाराशी ठेवलेली बॅग उचलून आणली आणि सगळे कपडे पलंगावर उपडे केले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. मी मावशीकडे जाणार नाही. जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे. आणि बाबा, उद्या सकाळी तोंड धुऊन बसा. एकच चेंडू पुरे."