मागे बसणाऱ्याचे हेल्मेट

मी एक जुने हेल्मेट आहे. रंग एके काळी मरून होता, आता त्याला काय म्हणावे हे मलाही ठाऊक नाही. काचेवर ओरखडे, आतला स्पंज चेपलेला, पट्टीचा खटका तेवढा शाबूत. मित्रांनो, मी फार दमले आहे. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून ऐका.

माझा जन्म फरिदाबादच्या एका कारखान्यात झाला. आमच्यातल्या एकावर वजन टाकून पाहिले. ते तडकले नाही म्हणून आम्ही सगळेच पास झालो. पुढे सरोजिनी नगरजवळच्या पदपथावरून विनयरावांनी मला घेतले. ते सरकारी अधिकारी, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहणारे. चार वर्षे मी त्यांच्या डोक्यावर बसून ऑफिसला गेले. मग घरात मोटार आली आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. माझ्यात कांदे ठेवू लागले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

मला तिथून काढले त्यांच्या पत्नीने, शुभदाकाकूंनी. काकू एका संस्थेत काम करतात. नोकरीचे आमिष दाखवून ज्या मुलींना दूर नेऊन विकतात, त्यांना सुटकेनंतर ही संस्था सांभाळते. मित्रांनो, मी वस्तू आहे. मला विकले, विकत घेतले, त्यात वावगे काही नाही. पण माणसालाही विकतात, हे मी काकूंच्या स्कूटीवर पहिल्यांदा ऐकले. खरे सांगते, मला ते अजून समजलेले नाही.

सुटका झाली की गोष्ट संपली, असे तुम्हाला वाटेल. छे! खरी दगदग तिथून सुरू होते. दवाखाना, पोलीस ठाणे, आधार कार्ड, कोर्ट. काकू पुढे, मुलगी मागे आणि मी मुलीच्या डोक्यावर. नऊ जणींची डोकी मी सांभाळली. कुणी रडे, कुणी दात आवळून बसे, एक जण तर सबंध रिंग रोडभर पाढे म्हणायची. बाहेर कुणाला ऐकू जात नसे. मला जायचे. स्पंज भिजायचा, वाळायचा, पुन्हा भिजायचा.

मग पूर्वी आली. हे तिचे खरे नाव नाही. खरे मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही. महाराष्ट्रातल्या लहानशा गावची, एकोणीस वर्षांची. हिंदी जेमतेम, म्हणून काकूंकडे सोपवलेली. तिने मला घातले, काच खाली ओढली आणि उतरल्यावरही काढले नाही. संस्थेच्या स्वयंपाकघरात ती मला घालून पोळ्या लाटायची! बाकीच्या मुली हसत. तिला त्याचे काही नव्हते. काचेआड तिला कुणी ओळखणार नव्हते.

तिला विकणाऱ्या माणसावर खटला चालू होता. पूर्वीने साक्ष दिली नाही, तर तो सुटणार होता. पहिल्या तारखेला कोर्टाच्या दारावरचा शिपाई म्हणाला, "बेटा, हेल्मेट उतारो." पूर्वी तिथूनच मागे वळली. दुसऱ्या तारखेलाही तेच.

तिसऱ्या तारखेपर्यंत काकूही टेकीला आल्या होत्या. संस्थेत दोन मुली तापाने फणफणलेल्या, घरी पाहुणे, वकिलांचे फोनवर फोन. "चल गं, आज काढायचंच," असे म्हणत त्यांनी कोर्टाच्या दारातच माझ्या पट्टीला हात घातला आणि खटका उघडला.

पूर्वी ओरडली नाही. मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिने मला घट्ट धरले. तिला आजवर कुणी विचारून हात लावलाच नव्हता. मला काकूंचा राग आला आणि त्यांची कीवही आली.

त्यानंतर आठ दिवस पूर्वीने काकूंच्या स्कूटीवर पाय ठेवला नाही. नवव्या दिवशी काकू तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "न विचारता हात लावायला नको होता. यापुढे पट्टी तूच सोडायचीस. नाही सोडलीस तरी चालेल."

"आणि तारीख?"

"तारखेचं काय, पुढची मागू."

पूर्वी माझा खटका चाचपत म्हणाली, "काकू, मला स्कूटी शिकवाल?"

रविवारी सकाळी क्वार्टरांमधल्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. पूर्वी पुढे, काकू मागे जीव मुठीत धरून. पहिल्याच वळणावर पूर्वीने ब्रेक दाबला.

"काकू, या काचेतून रस्ताच दिसत नाही!"

काकूंनी आपले हात मांडीवरच ठेवले. मागे बसणाऱ्याला रस्ता नाही दिसला तरी चालते, चालवणाऱ्याला तो दिसावा लागतो. थोड्या वेळाने पूर्वीने आपल्या हाताने काच वर केली. कितीतरी दिवसांनी माझ्या आत ऊन आले.

चौथ्या तारखेला कोर्टाच्या दारावर तिने स्वतः खटका उघडला. "धरा जरा," म्हणत मला काकूंच्या हातात दिले. मी बाहेरच्या बाकावर दोन तास होते. आत ती काय बोलली, मला ठाऊक नाही. बाहेर आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते आणि तिला भूक लागली होती. निकाल अजून लागलेला नाही. तारखा चालूच आहेत.

आता पूर्वीकडे लायसन्स आहे, तिचे स्वतःचे नवे हेल्मेट आहे, आणि संस्थेतल्या मुलींची ने-आण तीच करते. मी पुन्हा मागच्या डोक्यावर. गेल्या मंगळवारी दवाखान्याच्या दारात एक नवी मुलगी मला काढेना. पंधरा मिनिटे उन्हात गेली. आतून तिचा नंबर पुकारला. मला वाटले, आता पूर्वीचा हात येणार. पूर्वीने स्कूटी स्टँडवर लावली आणि हात पाठीमागे बांधून ती शेजारी उभी राहिली.

"नंबर गया तो गया," ती आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "मैं इधरच खड़ी है."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे आता मी म्हणायला हवे. मला अधूनमधून उन्हात वाळवा आणि कांदे दुसरीकडे ठेवा, एवढे पुरे. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यामागे कुणी घाबरून बसले असेल, तर त्याची पट्टी तुम्ही ओढू नका. थांबा. दमला असाल तरी थांबा.

त्या मंगळवारी नंबर गेलाच. आम्ही तशाच परत निघालो. मोतीबागच्या सिग्नलला त्या मुलीने माझी काच बोटभर वर केली. पूर्वीला ते आरशात दिसले, पण तिने मागे वळून पाहिले नाही.