लाँड्री कोण चालवतं?

मी रन बोलतोय. इंग्रजीतलं एवढंसं क्रियापद, पण पायाला भिंगरी. बस सुटली की मागे पळायला मी, सर्दी झाली की नाकातून वाहायला मी, लाल शर्टाचा रंग पांढऱ्या चादरीवर उतरला की तिथेही मीच. निवडणुकीला नुसतं उभं राहायचं, तरी इंग्रजीत माणसं मलाच पळवतात! शब्दकोशात माझी पानंच्या पानं आहेत. लोकांना त्याचं कौतुक वाटतं, मला धाप लागते.

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात मला एक लाँड्रीवाली भेटली. हाताला साबणाचा वास, मनगटावर इस्त्रीचा चटका. नवरा गेल्यापासून कपडे धुणं, डाग काढणं, गिऱ्हाइकांची बोलणी खाणं, सगळं तिच्याच गळ्यात. धाकटा दीर गल्ल्यावर बसायचा. पण दुकान कोणाचं विचारलं, की घरातल्या पुरुषाचं नाव सांगायचं, ही त्यांच्याकडची रीत.

वर्गातल्या बाईंनी माझा 'चालवणे' हा अर्थ शिकवला आणि वाक्य करायला सांगितलं. ती उठली. "माय ब्रदर-इन-लॉ रन्स द लाँड्री."

मला असा राग आला! खोट्या वाक्यात उभं राहताना माझा जीव गुदमरतो.

पुढे एका मोठ्या हॉटेलचं काम निघालं. रोजच्या चादरी, टॉवेल. दुकान चालवणाऱ्याशीच हॉटेलवाले बोलणी करणार होते. दिराला दुकान बंद करून जागा भाड्याने द्यायची होती. त्याला विचारलं असतं, तर त्याने सरळ नाही म्हटलं असतं आणि लाँड्रीला टाळं लागलं असतं.

दोघं हॉटेलात गेली. मॅनेजरने इंग्रजीत विचारलं, लाँड्री कोण चालवतं? दिराने घसा खाकरला. मी तिच्या जिभेवर नुसता तळमळत होतो. अगं, बोल की!

"आय रन इट," ती म्हणाली.

"मग उद्या सकाळी गाडी पाठवतो," मॅनेजर म्हणाला.

परतताना दीर म्हणाला, "वहिनी, म्हणजे इतके दिवस मी काय करत होतो?"

"बसला होतात, भाऊजी."

वाचकहो, मला हवं तिथे पळवा, माझी तक्रार नाही. पण राबणारीच्या जागी दुसऱ्याचं नाव घालून मला वापरू नका. निघतो आता, कुणाचा तरी नळ उघडा राहिलाय, तिथे वाहायलाही मीच लागतो.