अधिक श्रावणातली चूक

अप्पा तिथी चुकले, हे आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. शेषाद्री मास्तरांनी, म्हणजे माझ्या अप्पांनी, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पण श्राद्धाची तिथी विचारायला या तमिळ मुलखातली मराठी घरं पंचांगाच्या आधी त्यांच्याकडे येतात. आणि चुकले ते कुणाच्या तिथीला, तर आईच्या!

आई करोनाच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात गेली. माझा भाऊ प्रणवेश मेलबर्नला अडकला होता, त्याला अग्नी देता आला नाही. तेव्हापासून त्याचा एकच ध्यास होता, एकदा तरी आईचं श्राद्ध आपल्या हातानं करायचं. यंदा अप्पांनी त्याला तारीख कळवली. तो दोन आठवड्यांची रजा काढून आला, आणि मीही पापनाशमहून बसनं आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेंकटेश वाध्यारांकडे, म्हणजे आमच्या भटजींकडे, तयारीचं विचारायला गेला आणि तोंड पाडून परतला.

"अप्पा, यंदा अधिक श्रावण आहे म्हणे. श्राद्ध पुढच्या महिन्यांत, निज श्रावणांत. तुम्हांला ठाऊक नव्हतें?"

अप्पा डबऱ्यात, म्हणजे पसरट पितळी वाटीत, कॉफी निववत होते. "गांवभर आडी मास चाललाय. तमिळ महिन्यांत अधिक कोठें असतो? विसरलों रे, कण्णा."

आमच्या चांद्र वर्षात दर दोन-तीन वर्षांनी एक जादा महिना घुसतो. शेजारच्या तमिळ लोकांचे महिने सूर्यावर चालतात, त्यांच्यामागे ही भानगड नाही. दोन्ही दरडींवर पाय ठेवून जगणाऱ्या आमच्यासारख्यांची कधी फजिती होते. माझी झाली असती, सासरी मी तमिळ महिनेच धरते. अप्पांची कशी होईल?

प्रणवेशनं लॅपटॉप उघडून तिकीट बदललं.

"आतां आलायस तर राहा कीं," अप्पा म्हणाले. "तिरुवैयारूला जाऊं. कावेरीकांठीं बसूं थोडें."

"रजा वाचवतों, अप्पा. जमलें तर पुढच्या महिन्यांत येतों."

त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली, तो पाया पडला आणि गेला.

मग मी अप्पांवर तोंड सोडलं. एवढ्या लांबून आलेल्या पोराला रिकाम्या हातांनी परत पाठवलंत, आईला काय वाटलं असेल, असं वाट्टेल ते बोलले. अप्पांनी हातातला कॉफीचा डबरा खाली ठेवला.

"मिसरेकन," ते म्हणाले. "जुना इंग्रजी शब्द आहे, आतां फारसें कोणी वापरत नाहींत. हिशोब चुकणें."

"अप्पा, मी रागावलें आहें आणि तुम्ही शब्द शिकवतां?"

"ऐक तर. रेकन म्हणजे पूर्वीं सांगणें, उलगडून सांगणें. मोजणें मागून आलें. त्याच्याहि मागून कोणावर तरी भिस्त ठेवणें. पुढें मिस लागलें कीं तें सगळें चुकतें." कॉफी तशीच निवून गेली होती. "तिथी नाहीं चुकली, कनका. अधिक मास मला ठाऊक होता."

"मग ती तारीख कां कळवलीत?" मी विचारलं.

"ये म्हणून दोन वर्षें त्याला फोनवर सांगतों. काम आहे, म्हणतो. आईच्या श्राद्धाला येईल, हा हिशोब बरोबर आला. श्राद्ध नाहीं म्हटल्यावर हातीं रजा उरेल, मग बसेल माझ्याजवळ, हा चुकला."

मघाशी जे जे बोलले होते ते सगळं गिळून टाकावंसं वाटलं. प्रणवेश अजून तिरुच्चीच्या विमानतळावरच असेल. मी फोन उचलला. एक हाक मारली असती तर तो परत आला असता, माझा भाऊ वाईट नाही.

अप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात इतका हलका झालाय हे मला तेव्हाच कळलं.

"नको, अम्मा," लेकीला लाडानं हाक मारतात तसं ते म्हणाले. "म्हातारा विसरला, असेंच राहूं दे. खरें कळलें तर त्याला फार लागेल."